आजारी आई आणि तिचा प्रभू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे कोण देत आहे आणि कोणासाठी?

मी मुंबईत राहणारी, मराठी ख्रिस्ती घरातली, दोन मुलांची आई आहे. धाकट्या मुलाच्या जन्मानंतर चौथ्या महिन्यात माझ्या बोटांची पेरे सुजू लागली, बाळाची दुपटी पिळता येईनाशी झाली, आणि काही महिन्यांच्या तपासण्यांनंतर डॉक्टरांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव सांगितले. आपल्याकडे त्याला सरसकट संधिवात किंवा आमवात म्हणतात. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर उलटते, असा हा आजार आहे. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो आणि औषधांनी आटोक्यात राहू शकतो, पण सहसा कायमचा जात नाही. त्याला आता अकरा वर्षे झाली.

या अकरा वर्षांत आमच्या चर्चच्या स्त्री मंडळाच्या सभेनंतर, दवाखान्याच्या बाकावर आणि लोकलच्या डब्यात उभ्याउभ्या बायकांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते येथे आहेत. विचारणाऱ्यांपैकी कोणाला दमा होता, कोणाला मधुमेह, कोणाला ल्युपस (शरीराची रक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटणारा आणखी एक आजार), तर कोणाच्या दुखण्याला अद्याप नावच मिळालेले नव्हते. मी डॉक्टर नाही आणि पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरूही नाही. औषधाविषयी येथे जे लिहिले आहे, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना आठवावे एवढ्यासाठीच आहे.

माझा विश्वास कमी आहे, म्हणून मी बरी होत नाही का?

नाही. हे उत्तर मी आधी एका शब्दात देते, कारण हा प्रश्न विचारणारी स्त्री पुढचे ऐकण्याच्या मनःस्थितीत क्वचितच असते.

आजारपणाच्या दुसऱ्या वर्षी एका प्रार्थनासभेत मला सर्वांसमोर पुढे बोलावण्यात आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना झाली, आणि माझी बोटे तशीच वाकडी राहिलेली पाहून वक्त्यांनी सांगितले की माझ्या मनात कोठेतरी संशय आहे किंवा एखादे पाप मी कबूल केलेले नाही. त्या रात्री मी झोपले नाही. लहानपणापासूनची पापे आठवून आठवून मी वहीत लिहीत होते, आणि लेखणी धरण्यासाठी मला दोन्ही हात वापरावे लागत होते.

त्या रात्री जे आठवायला हवे होते ते मला पुष्कळ उशिरा आठवले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य नेमका हाच प्रश्न विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. आणि येशू दोघांचेही नाही असे सांगतो. पौलाने आपल्या देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो काटा गेला नाही, आणि प्रभूने त्याला दिलेल्या उत्तरात विश्वास कमी असल्याचा ठपका कोठेही नाही. कृपा पुरेशी आहे, एवढेच त्यात आहे. तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी आणि वरचेवर होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यावा असे पौल लिहितो. त्रफिमाला तो मिलेतात आजारी अवस्थेत सोडून पुढे जातो. एपफ्रदीत तर मरणाच्या दारापर्यंत गेला होता. पहिल्या शतकातल्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, प्रेषितांच्या अगदी जवळच्या वर्तुळात, इतकी आजारी माणसे होती आणि त्यांची नावे पत्रांतून आदराने आली आहेत. मग विसाव्या मजल्यावरची असो वा चाळीतली, आजच्या आईला वेगळा नियम कोणी लावला?

खरेच काही मनाला टोचत असेल तर ते प्रभूजवळ जरूर बोलावे. ते निरोगी माणसानेही करायचे असते. मात्र आजाराला पुरावा मानून स्वतःवर खटला चालवू नये.

गोळ्या घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे आहे का?

हा प्रश्न मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो, कारण त्याच्या चुकीच्या उत्तराने माणसे दगावतात. विश्वासाने गोळ्या सोडल्या अशी साक्ष ऐकून घरी जाऊन स्टेरॉइडची गोळी एकदम बंद करणारी स्त्री मी पाहिली आहे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या शरीरात तशाच संप्रेरकाची नैसर्गिक निर्मिती मंदावलेली असते, त्यामुळे ते औषध अचानक तोडले तर जिवावर बेतू शकते. ते हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच कमी करायचे असते. त्या बाईंना दोन दिवसांत रुग्णालयात न्यावे लागले.

माझ्या आजारात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी बहुधा दिली जाते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास ती प्राणघातक ठरू शकते, म्हणून आमच्या घरी तिचा वार दिनदर्शिकेवर लाल पेनने लिहिलेला आहे आणि तो मुलांनाही ठाऊक आहे. तिच्या जोडीला फॉलिक ॲसिड देतात. रक्तपेशी आणि यकृत ठीक आहेत ना, हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे याच आजारातले दुसरे औषध दीर्घकाळ चालू असेल तर डोळ्यांच्या पडद्याची नियमित तपासणी करावी लागते. या सगळ्यात देवाचा अवमान कोठे होतो, हे मला आजवर कोणी दाखवू शकलेले नाही. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. मार्काच्या पाचव्या अध्यायातली रक्तस्रावाने बारा वर्षे पिडलेली स्त्री अनेक वैद्यांकडे जाऊन आली होती, तिचे सगळे पैसे संपले होते आणि दुखणे वाढतच गेले होते. तरीही येशू तिला वैद्यांकडे गेल्याबद्दल एका शब्दाने बोलत नाही. तो तिला मुली अशी हाक मारतो.

मी गोळी घेण्यापूर्वी आभार मानते, जसे जेवणापूर्वी मानते. मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी मळमळते, तेव्हा ते आभार मानणे सोपे जात नाही, हेही येथे लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल.

मग बरे होण्यासाठी प्रार्थना करणे सोडून द्यावे का?

सोडू नये. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे. यात बोलावण्याचा हक्क आजारी माणसाला दिलेला आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. तुम्ही पाळकसाहेबांना स्वतः फोन करून या म्हणू शकता, किती माणसांनी यावे हे सांगू शकता आणि आज नको असेही सांगू शकता.

मी अजूनही मागते. पूर्वी मी फक्त आजार जाण्याविषयी मागत असे. आता मागण्या बारीकसारीक झाल्या आहेत. आज कुकरचे झाकण उघडता यावे, मुलाच्या शाळेच्या सभेत दोन तास बसता यावे, रक्ताच्या अहवालात सूज दाखवणारा आकडा उतरलेला असावा. यांपैकी पुष्कळ मिळाले आहे. मोठी मागणी मी टाकून दिलेली नाही, पण तिच्याभोवती दिवस थांबवून ठेवणे मी सोडले आहे.

पहाटे उठून बायबलवाचन आणि प्रार्थना मला जमत नाही. माझे आत्मिक जीवन संपले आहे का?

आमच्या आईच्या पिढीत पहाटेची प्रार्थना हे चांगल्या ख्रिस्ती बाईचे लक्षण मानले जाई, आणि त्या शिस्तीविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु माझ्या आजाराचे लक्षणच असे आहे की सकाळी सांधे आखडलेले असतात, आणि आजार उसळला की ते सुटायला तास-दीड तास लागतो. मुंबईतल्या सकाळीला तेवढा तास नसतो. नळाला पाणी ठरलेल्या वेळेत येते, डबे भरायचे असतात, शाळेची बस खाली उभी राहते, आणि कणीक मळण्यासाठी बोटे वळत नसतात. अशा वेळी गुडघे टेकून अर्धा तास काढणे मला शक्य झाले नाही, आणि पहिली तीन वर्षे मी रोज सकाळी स्वतःला दोषी ठरवूनच दिवस सुरू केला.

त्यातून मला बाहेर काढले ते एलीयाच्या गोष्टीने. पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो थकून झुडपाखाली निजतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उठवतो आणि सांगतो ते एवढेच की ऊठ आणि खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. तो खातो, पुन्हा झोपतो, आणि देवदूत त्याला पुन्हा खायलाच उठवतो. होरेबाचा डोंगर आणि देवाचा मंद स्वर हे सगळे त्या दोन झोपांनंतरचे आहे. मी ती गोष्ट शेकडो वेळा ऐकली होती, पण त्यातली भाकर माझ्यासाठी भाजलेली आहे हे आजारी पडल्यावरच मला कळले.

आता मी दुपारी, मुले घरी येण्यापूर्वी, वाचते. बायबलची पातळ पाने बोटांना उलटता येत नाहीत, म्हणून मोबाईलवर ऐकते. वाईट आठवड्यात एकच स्तोत्र सात दिवस चालते. तेविसावे, एकशे एकविसावे आणि एकशे तिसावे ही स्तोत्रे मी चांगल्या दिवसांत पाठ करून ठेवली, आणि रात्री तीन वाजता खांदा ठणकतो तेव्हा दिवा लावावा लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती भजने ज्यांच्या घरी लहानपणापासून गायली गेली, त्यांच्याजवळ हा साठा आधीच आहे, तो वापरावा.

मी मुलांवर फार चिडते आणि नंतर रडते. अशा आईची प्रार्थना देव ऐकतो का?

ऐकतो. आणि चिडण्याची कारणेही नीट पाहावीत, कारण सगळीच कारणे स्वभावात नसतात. सततची वेदना माणसाचा धीर संपवते. स्टेरॉइडमुळे चिडचिड वाढू शकते आणि झोप उडू शकते. आजार सक्रिय असताना येणारा थकवा विश्रांतीनेही पुरता जात नाही. हे डॉक्टरांना सांगावे, कारण पुष्कळदा औषधाची वेळ किंवा मात्रा बदलून उपयोग होतो.

उरलेल्या भागासाठी मी एकच गोष्ट शिकले आहे, ती म्हणजे मुलांची माफी त्यांच्या उंचीवर बसून, कारणे न देता मागणे. ‘माझे हात दुखत होते म्हणून मी ओरडले’ असे म्हटले की मुलाला वाटते, आता आपण आईच्या हातांवर रागावायचे नाही. ‘मी ओरडले, ते चुकले’ एवढेच पुरते. आमच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेत आईसुद्धा क्षमा मागते, आणि माझ्या मुलीने एकदा मला सांगितले की तिला त्या प्रार्थनेतला तोच भाग खरा वाटतो.

मन महिनोन्‌महिने काळवंडलेले असेल, मुलांसकट सगळे नकोसे वाटत असेल, किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर त्यावरही उपचार आहेत आणि ते घेण्यात कमीपणा नाही. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मिळते. घरातल्या एका माणसाला त्याच दिवशी सांगावे.

मुले विचारतात, ‘देव तुला बरे का करत नाही?’ काय सांगावे?

माझी मुलगी सात वर्षांची असताना संडे स्कूलमध्ये वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट शिकून आली. येशू सभास्थानात त्याला हात लांब कर म्हणतो, तो करतो, आणि हात बरा होतो. घरी येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, हात पुढे कर.’ मी केला. तिने डोळे मिटून प्रार्थना केली, डोळे उघडले, आणि माझी बोटे पाहिली.

त्या क्षणी तिला समजावण्यासाठी माझ्याजवळ काही नव्हते. मी म्हटले, ‘मला माहीत नाही गं, का नाही ते. पण तू मागितलेस ते त्याने ऐकले आणि मीही ऐकले.’ ती रडली, मीही रडले, आणि मग आम्ही वरणभात खाल्ला. आज ती सोळा वर्षांची आहे आणि तिला तो दिवस आठवतो. अनेक मोठ्या माणसांनी तिला नंतर दिलेली उत्तरे तिला आठवत नाहीत.

त्यामुळे माझा सल्ला असा की मुलांना देवाच्या वतीने कारणे देऊ नयेत. देवाने आईला धडा शिकवण्यासाठी आजार दिला असे सांगितले तर मूल त्या देवाला भिऊ लागते. तू चांगला वागलास तर आई बरी होईल असे सांगितले तर मूल आईच्या आजाराचे ओझे स्वतःच्या दप्तरात घालून शाळेत जाते. आजाराचे नाव, औषधाचे नाव, तो संसर्गाने लागत नाही आणि मुलामुळे झालेला नाही, या गोष्टी मात्र वयानुसार स्पष्ट सांगाव्यात. माझ्या मुलाला, आजार त्याच्या जन्मानंतर सुरू झाला हे कळल्यावर, आपणच कारण आहोत असे बरेच दिवस वाटत होते. ते मला फार उशिरा समजले.

या आजारात मूल होऊ द्यावे का?

पुष्कळ स्त्रियांना होते आणि सुखरूप होते, परंतु गर्भधारणा ठरवून आणि डॉक्टरांना आधी सांगून करावी लागते. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे आणि ते आधीच बंद करावे लागते. किती आधी आणि त्याऐवजी काय घ्यावे, हे तुमचे तज्ज्ञ ठरवतील. गरोदरपणात अनेकींचा सांध्यांचा त्रास कमी होतो आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तो उसळतो, म्हणून त्या काळासाठी घरात मदतीची सोय आधी करून ठेवावी. मूल न होऊ देण्याचा निर्णय पतिपत्नींनी विचारपूर्वक घेतला असेल, तर मंडळीतल्या कोणीही त्याला अविश्वास म्हणू नये.

दर रविवारी उपासनेला जाणे झेपत नाही. काय करावे?

आमची मंडळी घरापासून आठ स्थानके दूर आहे आणि रविवारी दुरुस्तीसाठी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, आमच्या स्थानकात गाडी थांबत नाही, पूल चढून दुसऱ्या फलाटावर जावे लागते, आणि गुडघे सुजलेले असताना त्या पायऱ्या चढणे हीच माझी त्या दिवसाची सगळी शक्ती असते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणेही मी टाळते, कारण माझी औषधे प्रतिकारशक्ती कमी करतात आणि मुंबईच्या त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होण्याचा धोका असतो.

म्हणून मी महिन्यातून दोन रविवार जाण्याचा प्रयत्न करते आणि त्यातला एक प्रभूभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या संस्काराचा, असेल असे पाहते. जमले नाही तर पाळकसाहेब घरी येऊन प्रभूभोजन देतात. ही सोय मागितल्यास बहुतेक मंडळ्यांत होते, आणि कॅथोलिक भगिनींच्या धर्मग्रामांतही आजाऱ्यांकडे पवित्र भाकर नेली जाते. पहिल्यांदा ते घरी आले तेव्हा मला पेला धरता आला नाही. त्यांनी तो माझ्या ओठांशी धरला, जसा मी मुलांच्या तोंडाशी दुधाचा पेला धरीत असे. मला फार लाज वाटली होती. आता वाटते की त्या संस्काराचा अर्थ मला त्याआधी पुरता कळलाच नव्हता.

मंडळीत गेल्यावर गुडघे टेकता येत नसतील तर बसून राहावे. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते; एका जागी बसून सांधे आखडतात, तेव्हा मागच्या बाकावर बसावे आणि मध्येच उठून दाराशी फेऱ्या माराव्यात.

उपवास करावा का?

अनेक औषधे अन्नाबरोबरच घ्यावी लागतात, आणि मधुमेह असलेल्यांनी उपाशी राहणे धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांनी नको म्हटले असेल तर करू नये. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत दुसरे काही सोडता येते.

शेजारपाजारचे आणि नातेवाईक नवस बोलतात, दोरा बांधतात. नाही कसे म्हणावे?

आमच्या मजल्यावर सहा घरे आणि चार धर्म आहेत. कोणी सोनाराने सांगितलेले कडे घेऊन येते, कोणी दर्ग्यातला धागा आणते. मी दोरा बांधून घेत नाही, आणि माझा प्रभू एकच आहे हे हात जोडून सांगते. ते कोणालाही लागलेले नाही. आमच्या शेजारी राहणाऱ्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथोलिक समाजातल्या, मावशी सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चच्या जत्रेला जातात. तेथे ज्या अवयवाला दुखणे असेल त्याची मेणाची प्रतिकृती अर्पण करण्याची प्रथा आहे. एका वर्षी त्यांनी मला न सांगता माझ्यासाठी मेणाचे दोन हात वाहिले. आमच्या प्रॉटेस्टंट घरात ही रीत नाही, आणि माझ्या सासूबाईंना ते आवडलेही नाही. मला मात्र त्या टेकडीच्या पायऱ्या सत्तरीतल्या बाईने माझे हात हातात घेऊन चढल्याचे चित्र दिसत राहिले, आणि मी त्यांचे आभार मानले.

मंडळीने आणि स्त्री मंडळाने नेमकी काय मदत करावी?

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोपर्यंत ते चांगले मित्र होते. पुढे ते कारणे सांगू लागले, आणि शेवटी देवाने त्यांना दोष दिला. आजारी बाईच्या घरी जाणाऱ्या प्रत्येक गटाने जाण्यापूर्वी हे आठवावे. तिला आयुर्वेदाचा पत्ता, मोबाईलवरचा चित्रफितींचा सल्ला आणि कोणाच्या मावशीची बरी झाल्याची साक्ष, हे सर्व आधीच मिळालेले असते.

निर्गमाच्या सतराव्या अध्यायात मोशेचे हात जड होतात, तेव्हा अहरोन आणि हूर त्याला बसायला धोंडा आणून देतात आणि दोन बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत वर धरून ठेवतात. मोशेला विश्वासात कमी पडू नकोस असे त्यांनी सांगितल्याचे तेथे लिहिलेले नाही. आमच्या स्त्री मंडळातल्या दोघी दर मंगळवारी, म्हणजे माझ्या गोळीच्या दुसऱ्या दिवशी, आळीपाळीने संध्याकाळचा डबा पाठवतात. एकजण नारळ खवून, पिशव्या भरून फ्रीजमध्ये ठेवून जातात, कारण विळीवर बसणे मला अशक्य आहे. एका भावाने आमच्या नळांना लांब दांड्याच्या तोट्या बसवून दिल्या. या मदतीला वार आणि वेळ आहे. काही लागले तर सांगा असे म्हटले की आजारी बाई कधीच सांगत नाही.

आणि तिच्याकडूनही काही घ्यावे. पंडिता रमाबाईंना तरुणपणापासून ऐकू कमी येत गेले, पती 1882 साली गेले, हातात लहानगी मनोरमा होती. तरी 1889 साली मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन सुरू केले, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्याइतके कोणाकडूनही अपेक्षू नये. पण आजारी बाई फोनवरून नव्या मातांशी बोलू शकते, संडे स्कूलचा पाठ तयार करून देऊ शकते. तिला फक्त प्रार्थनेच्या यादीतले नाव करून ठेवू नये.

सरकारी सवलती घेणे योग्य आहे का?

योग्य आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. संधिवाताचे नाव त्यांत स्वतंत्रपणे नाही, परंतु सांधे वाकून चालण्याफिरण्यात किंवा हातांच्या कामात कायमचे अपंगत्व आले असेल, तर त्याचे मोजमाप होऊन प्रमाणपत्र मिळू शकते; बहुतेक सवलतींसाठी ते किमान 40 टक्के असावे लागते. प्रमाणपत्र असल्यास लोकलमधला राखीव डबा वापरता येतो. तुम्ही वरून धडधाकट दिसत असाल तर त्या डब्यात कोणी काही बोलेल. कार्ड दाखवावे आणि बसावे.

देवावर रागावले तर चालते का?

स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे. ते हाक मारून सुरू होते आणि अंधारात संपते. शेवटी आभार नाहीत, विजय नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि मंडळीने ते शतकानुशतके म्हटले आहे. रागावण्यासाठीही समोर कोणी असावे लागते, आणि माझ्या सर्वांत वाईट महिन्यांत माझा विश्वास केवळ एवढाच उरला होता की मी ज्याच्यावर ओरडत होते तो खोलीत आहे, याविषयी मला शंका नव्हती.

पुनरुत्थानात माझे हात सरळ होतील का?

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात अशक्तपणात पेरलेले शरीर सामर्थ्यात उठवले जाईल असे वचन आहे आणि मी ते अक्षरशः धरून आहे. मात्र योहानाच्या विसाव्या अध्यायात उठलेला प्रभू थोमाला आपले हात दाखवतो तेव्हा त्यांवर खिळ्यांचे व्रण आहेत. त्यामुळे सरळ हातांवरही या वर्षांची काही खूण राहील का, असा विचार मी कधी कधी करते. राहिली तरी ती दुखणार नाही, याची मला खात्री आहे.

आज माझ्याने प्रार्थना होतच नाही. मी काय करावे?

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही म्हणून छप्पर उकलतात आणि त्याला खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे तेथे लिहिले आहे. खाटेवरच्या माणसाने तोपर्यंत एक शब्दही उच्चारलेला नाही.

माझ्या दोन मैत्रिणींशी मी हे ठरवून ठेवले आहे. ज्या दिवशी माझ्याने काहीच होत नाही, त्या दिवशी मी त्यांना मोबाईलवर एकच शब्द पाठवते, ‘खाट’. टाइप करायला दोनच अक्षरे लागतात. त्या काय झाले असे विचारत नाहीत, लगेच फोन करत नाहीत. एकीची कचेरी सुटलेली असते आणि ती घाटकोपरच्या फलाटावर गर्दीत उभी असते, दुसरी गॅसजवळ असते, आणि त्या तेथूनच माझ्यासाठी प्रार्थना करतात. असा शब्द तुम्हीही कोणाशी तरी ठरवून ठेवावा, आणि तो चांगल्या दिवशी ठरवावा, कारण वाईट दिवशी तेवढे समजावून सांगण्याचीही शक्ती नसते.